जुना ट्विन बंगला घेताय? फरशी नंतर बघा, आधी नकाशा

नाशिकच्या इंदिरानगरमधला एक ट्विन बंगला, म्हणजे मधल्या सामाईक भिंतीनं जोडलेल्या दोन घरांपैकी एक, बघायला मागच्या पावसाळ्याआधी मी एका जोडप्याबरोबर गेलो होतो. मी सिव्हिल इंजिनिअर. घर घेणारे लोक विसार देण्याआधी मला बरोबर नेतात, ते बरं करतात. घर ३५ वर्षांचं. आत पाऊल टाकलं की नवी चकचकीत फरशी, पीओपीचं छत, ऐसपैस हॉल. ताईंचा चेहरा खुलला. मालक काका हौसेनं दाखवत होते. "मधली भिंत काढून हॉल मोठा केला. मागं किचन वाढवलं. वर दोन खोल्या काढल्या. सगळं जातीनं उभं राहून करून घेतलंय."

मी विचारलं, "काका, वरच्या खोल्यांचा नकाशा मंजूर आहे का?"

काकांनी कपाटातून फाईल आणली. वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, वर्षवार लावलेल्या, एक रुपया थकबाकी नाही. "हे बघा, महापालिका वरच्या खोल्यांचीसुद्धा पट्टी घेते. म्हणजे मंजूरच की."

काका खोटं बोलत नव्हते, त्यांना मनापासून तसं वाटत होतं. ही समजूत नाशकात घरोघरी आहे आणि जुनं घर घेणारा माणूस बहुतेक वेळा इथंच फसतो. घरपट्टी लागते ती उभ्या असलेल्या आणि वापरात असलेल्या बांधकामावर. ते बांधकाम परवानगीनं झालं की नाही, हे बघणारा विभाग वेगळा, नगररचना. कर वसूल करणाऱ्या टेबलाला नकाशाशी देणंघेणं नसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये तर बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, आणि ती शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही, हेही तिथंच म्हटलंय. १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. बांधकाम जुनं झालं, त्यात पैसा ओतला, इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही, यातल्या कशानंही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. बँकांनीही पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासूनच अशा इमारतीवर कर्ज द्यावं, असं त्या निकालात आहे. म्हणजे आज तुम्ही रोखीनं घेतलंत तरी उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याची बँक हा कागद मागणार.

कोणता कागद काय सांगतो

बांधकामाचे मुख्य कागद तीन. पहिला मंजूर नकाशा, म्हणजे काय बांधायला परवानगी होती. दुसरा बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी. हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली मिळतं. तिसरा पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला, म्हणजे काम नकाशाप्रमाणे झालंय हे महापालिकेनं बघून दिलेलं पत्र. लोक "परवानगी आहे" असं म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात बऱ्याचदा फक्त पहिले दोन असतात. तिसरा नसेल तर त्याचं कारण विचारा. उत्तर जितकं मोघम, तितकं जास्त खोदून विचारा.

नाशकात पूर्णत्वाच्या दाखल्याचा विषय किती नाजूक आहे हे जुन्या लोकांना कपाटांच्या प्रकरणावरून माहीत आहे. भिंतीबाहेर काढलेल्या कपाटाची जागा चटई क्षेत्रात, म्हणजे मंजूर बांधकामाच्या मोजमापात, मोजायची नसे. बांधताना ती जागा खोलीतच मिसळली गेली, आणि तेवढ्यावरून शहरातल्या कितीतरी इमारतींचे दाखले वर्षानुवर्षं अडकले. दोन फुटांच्या कपाटापायी लोकांची घरं कागदावर अपुरी राहिली. मग सबंध वाढवलेल्या किचनचं काय होईल, याचा विचार करा.

मालकाकडे नकाशा नसेल तर तिथंच थांबू नका. सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि जमलं तर प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे साक्षांकित प्रतीसाठी अर्ज करा. तसं न मिळाल्यास माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. हा महिना वाया जातोय असं वाटतं, एजंट "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणून घाई करतो. जाऊ दे त्या गिऱ्हाइकाला.

एक गोष्ट जुन्या घरांच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागते. नाशिक महानगरपालिका झाली ७ नोव्हेंबर १९८२ ला, नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून. त्याआधीचं घर असेल तर परवानगी जुन्या नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असते, त्यामुळे कागद वेगळ्या दप्तरात सापडतात आणि बिनशेतीचा आदेशही सोबत लागतो. सिडकोच्या योजनेतलं घर असेल तर जमीन मुळात भाडेपट्ट्याची, म्हणून सिडकोच्या हस्तांतर परवानगीचा आणखी एक कागद वाढू शकतो. सिडकोतल्या चिंचोळ्या प्लॉटवर एकावर एक चढवलेले मजले तर आपण रोजच बघतो.

मालकीचा सर्च, बोजा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, पेपरातली जाहीर नोटीस, हे वकिलाचं काम आहे आणि चांगला वकील ते नीट करतो. पण वकील टेप घेऊन घर मोजत नाही. सर्च रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे घराचं बांधकाम स्वच्छ, असं नव्हे.

टेप लावा

काकांकडे नकाशाची एक प्रत होती. निळसर अमोनिया प्रिंट, घडीवर फाटलेली, कोपऱ्यात महापालिकेचा शिक्का. मी ती डायनिंग टेबलावर पसरली. असे नकाशे बहुधा १:१०० प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवरचा एक मीटर. सामान्य माणसालाही हे मोजता येतं, साधी पट्टी आणि पाच मीटरचा टेप पुरतो. नकाशाच्या कडेला क्षेत्रफळाचा तक्ता असतो, त्यात प्लॉट किती, मंजूर बांधकाम किती, हे आकड्यांत दिलेलं असतं. तो तक्ता आधी वाचा. मग बाहेरून घर मोजा.

नकाशात मागं तीन मीटर मोकळी जागा होती. सरकारी भाषेत सामासिक अंतर, आपण मार्जिन म्हणतो. जागेवर किचनची नवी भिंत कंपाउंडपासून ऐंशी सेंटिमीटरवर. वर नकाशात गच्ची, जागेवर दोन खोल्या. पुढच्या बाल्कनीला खिडक्या लावून ती खोलीत घेतलेली. आणि मागच्या मार्जिनमध्ये नकाशात एक छोटा चौकोन, त्यात बारीक अक्षरात 'एस.टी.'. सेप्टिक टँक. ती कुठं आहे असं विचारल्यावर काका म्हणाले, "ती केव्हाच बंद केली. आता भुयारी गटाराला जोडलंय." बरोबर. पण टँक नेमकी नव्या किचनखाली येत होती.

अशी यादी हातात आली की तिचे तीन ढीग करा. माझ्या मते सबंध विषयाचं सार एवढंच आहे.

पहिला ढीग परवानगी न लागणाऱ्या कामांचा. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, फॉल्स सीलिंग, त्याच उंचीवर छप्पर नवं करणं, पडलेल्या विटा परत लावणं. यासाठी कुणी नोटीस काढत नाही. मालकानं यावर दहा लाख खर्च केला असेल तर तो त्याच्या हौसेचा खर्च. तुम्ही किमतीत तो पूर्ण भरून द्यावा असं काही नाही.

दुसरा ढीग परवानगी हवी होती, घेतली नाही, पण अजून मिळू शकेल अशा कामांचा. वरच्या खोल्या बहुधा यात बसतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात युनिफाइड डीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली आली, आणि तिच्यात महापालिका क्षेत्रासाठी मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१ आहे. त्यावर शुल्क भरून आणखी किती मिळेल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. त्यामुळे जुन्या नियमात जे बसत नव्हतं ते आज बसू शकतं. नोंदणीकृत आर्किटेक्ट सुधारित नकाशा तयार करतो, नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज जातो, दंड आणि शुल्क भरावं लागतं. याआधी २०१७ मध्ये राज्यानं त्याच अधिनियमात कलम ५२अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी प्रशमन शुल्काची, म्हणजे पैसे भरून नियमित करून घ्यायची, वाट काढली होती. मालक "आम्ही तेव्हा अर्ज केला होता" म्हणाला तर अर्जाची पोच नको, मंजुरीचं पत्र मागा. या दोन कागदांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तिसरा ढीग पाडाव्याच लागणाऱ्या कामांचा. मार्जिनमध्ये कंपाउंडला चिकटवलेली खोली यात येते. लोकांचा गोंधळ होतो तो इथं. त्यांना वाटतं, पैसे भरले की सगळं नियमित होतं. एफएसआय पैसे भरून मिळतो. मार्जिन सहसा मिळत नाही. ती जागा हवा-उजेडासाठी, आग लागली तर माणूस आणि पाण्याचा पाइप आत जाण्यासाठी सोडलेली असते. आर्किटेक्टनं छातीठोकपणे "होऊन जाईल" म्हटलं तर ते लेखी मागा.

ट्विनचं दुखणं वेगळं

सुटा बंगला घेता तेव्हा सगळं घर तुमचं. ट्विन बंगला घेता तेव्हा एका इमारतीचा अर्धा भाग घेता. मधली भिंत सामाईक, बऱ्याचदा त्याखालचा पाया एक, कधी स्लॅबही सलग. शेजाऱ्यानं त्याच्या बाजूला काय केलंय हेही म्हणूनच तुमच्या तपासणीत येतं.

आधी हे बघा, प्लॉटचे दोन भाग मंजूर ले-आउटमध्ये वेगळे पडलेत का. मिळकत पत्रिका दोन आहेत की एकच? खरेदीखतात "अविभक्त हिस्सा" असा शब्द आहे का? अपार्टमेंट कायदा १९७० खाली घोषणापत्र केलंय का? प्लॉट एकच असेल तर एफएसआय सबंध प्लॉटवर मोजला जातो. समजा प्लॉट २४० चौरस मीटरचा. १.१ नं मूळ परवानगी झाली २६४. दोघांचं मंजूर बांधकाम प्रत्येकी ११० धरलं तर उरले ४४. शेजाऱ्यानं आधीच ४० चौरस मीटरची खोली वर चढवून नियमित करून घेतली असेल तर तुमच्या वाट्याला राहिले ४. तुम्ही सरळ मार्गानं अर्ज करायला जाल तेव्हा कळेल की तुमचा वाटा शेजाऱ्याच्या डोक्यावर आहे. शिवाय सुधारित नकाशावर दोन्ही सहमालकांच्या सह्या लागतील. शेजाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं पटत नसेल तर ती सही तुम्हाला कशी मिळणार? म्हणून विसाराआधी शेजारी एक चहा प्या. मी तर नेहमी जातो. गच्चीचं पाणी कुणाकडे उतरतं, ड्रेनेजचा चेंबर कुणाच्या हद्दीत आहे, बोअर सामाईक आहे का, हे सगळं त्या एका चहात कळतं.

त्या दिवशी शेजारच्या आजींनी मला त्यांच्या हॉलमधलं भिंतीतलं कपाट दाखवलं. सामाईक भिंत कोरून केलेलं, सुबक, देवाच्या मूर्ती ठेवलेल्या. मी परत काकांकडे आलो, पीओपीमधला एक दिवा काढला आणि बॅटरी मारून आत पाहिलं. काढलेल्या मधल्या भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर टाकलेला होता. त्याचं एक टोक सामाईक भिंतीत खुपसलेलं, खाली भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा (बेड ब्लॉक) नाही, थेट विटांवर. टेप लावून अंदाज घेतला, तर त्याच जागी पलीकडून आजींचं कपाट कोरलेलं. नऊ इंची भिंत, त्यातले साडेचार इंच कपाटात गेलेले, आणि उरलेल्या साडेचार इंचांवर वरच्या दोन खोल्यांचा भार उतरत होता. दोन्ही घरांनी चांगल्या मनानं, एकमेकांना न सांगता, एकच भिंत दोन्हीकडून खाल्ली होती.

त्या काळातले बरेच बंगले लोड-बेअरिंगचे आहेत, म्हणजे खांब नाहीत, विटांची भिंतच छत पेलते. अशा घरात नऊ इंची भिंत काढणं म्हणजे खांब काढण्यासारखंच. साडेचार इंची भिंत सहसा फक्त आडोशाची असते. घर कुठल्या प्रकारचं आहे हे नकाशातल्या भिंतीच्या जाडीवरून आणि खांबांच्या काळ्या चौकोनांवरून ओळखता येतं. चौकोनच नसतील तर सावध व्हा. वर मजला चढवलेला असेल तर दुप्पट सावध व्हा, कारण पाया तळमजल्यापुरता धरलेला असू शकतो.

भेगांना घाबरू नका, पण वाचा. प्लास्टरवरची केसासारखी जाळी बहुधा निरुपद्रवी. विटांच्या सांध्यातून पायरीपायरीनं वर जाणारी भेग मात्र पाया एका बाजूला खचल्याची खूण असते. नाशकात काही भागात मुरूम लागतो आणि काही भागात काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिथं ट्विनच्या जोडावर, आणि नंतर वाढवलेली खोली मूळ घराला मिळते तिथं, भेग पडणं अगदी नेहमीचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाका आणि महिन्यानं परत जा. नव्या रंगाखाली भेग दिसणार नाही, म्हणून कपाटामागं, जिन्याखाली, माळ्यावर बघा. स्लॅबखाली तपकिरी डाग किंवा फुगलेलं प्लास्टर दिसलं तर आत सळई गंजलेली असू शकते.

इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थैर्य प्रमाणपत्र घेणं मालकावर बंधनकारक आहे. बंगलेवाल्यांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं. ते प्रमाणपत्र मागा, आणि नसेल तर ते काढून देण्याची अट घाला.

घर गोदावरी, नंदिनी किंवा वालदेवीच्या जवळ असेल तर आणखी एक फेरी मारा. झोन दाखल्यावर आणि विकास आराखड्यावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नव्या बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांमध्ये अटींवर परवानगी. अशा पट्ट्यात वाढीव खोली नियमित होण्याची आशा जवळजवळ सोडाच. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्या शेजाऱ्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. भिंतीवर हात ठेवून दाखवतील. तोच आराखडा बघताना रस्तारुंदीकरणाची रेषा प्लॉटमधून जाते का, तेही बघून घ्या.

विसार देताना

विसार पावती म्हणजे दोन ओळींची चिठ्ठी, असं समजून लोक पाच-दहा लाख देऊन मोकळे होतात. तिथंच सगळं लिहा. कोणतं बांधकाम मंजूर, कोणतं वाढीव, वाढीव भागाचं काय करायचं, कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं. परवानगी नाकारली गेली तर विसार परत मिळेल, हे वाक्य हवंच. साठेखत नोंदवून घ्या. कर्ज काढणार असाल तर बँकेचा व्हॅल्युअर मंजूर क्षेत्रच धरतो, म्हणून तुमचा हिशेब आधीपासून मंजूर क्षेत्रावरच असू द्या. नाहीतर शेवटच्या आठवड्यात पाच-सात लाखांचं खिंडार पडतं आणि माणूस नातेवाइकांकडे धावतो.

आणि वाढीव खोली "घरपट्टीला आहे" म्हणून तिचे पूर्ण दराने पैसे देऊ नका. तिसऱ्या ढिगातल्या खोलीची किंमत शून्य धरा, त्यातून पाडायचा खर्च वजा करा. विकणाऱ्याला हे ऐकताना वाईट वाटतं, त्यानं घामाचे पैसे घातलेले असतात. म्हणून शांतपणे, नकाशा समोर ठेवून बोलावं.

त्या जोडप्यानं तसंच केलं. काका दोन दिवस नाराज होते, मग त्यांच्या मुलानं येऊन सगळं वाचलं आणि तयार झाला. वरच्या खोल्यांचा सुधारित नकाशा काकांनी दाखल करायचा, आजींची सही त्यांनीच आणायची. गर्डरखाली दोन्ही टोकांना स्वतंत्र खांब उभे करायचे, त्यांचा पाया वेगळा, भार सामाईक भिंतीवर नको. आजींचं कपाट विटांनी भरून काढायचं, आणि देवांसाठी दुसऱ्या भिंतीवर लाकडी देव्हारा करून द्यायचा. मागचं किचन खरेदीखताआधी उतरवायचं.

किचन उतरवलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. फरशी काढली, खाली साधं काँक्रीट (पीसीसी), आणि पहारीच्या दुसऱ्या घावाला ठण्ण असा पोकळ आवाज. सेप्टिक टँक बंद केली होती, भरली कधीच नव्हती. चार इंचाची स्लॅब टाकून वर ओटा, गॅस आणि भरलेला फ्रीज इतकी वर्षं उभे होते. काकू दारात उभ्या राहून त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. टँक रिकामी करून धुतली आणि मुरूम टाकून थराथरानं ठोकून भरली. सुधारित नकाशात त्या चौकोनावर आता 'बुजवलेली' असं लिहिलंय.